घाबरणाऱ्यांचा मेंदू बिघडलेला नाही

वाघाने माणूस मारला की चंद्रपूर-गडचिरोलीत पुढे काय होणार हे गावाला पाठ असते. वनविभागाची गाडी येते, पंचनामा होतो, कधी रास्ता रोको होतो, कॅमेरा ट्रॅप लागतात, पुढारी येऊन जातात. अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. भीतीवरचे प्रबोधन. कुणी समुपदेशक, कुणी व्याख्याता, कुणी वन्यजीवप्रेमी गृहस्थ सांगतात की मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात, भीती तिथे तयार होते. तो भाग फार चाळवला की माणूस उगाच घाबरतो. दीर्घ श्वास घ्या, विचार बदला, भीती जाईल. मग आकडेवारी येते, की वाघापेक्षा रस्त्यावर कितीतरी जास्त माणसे मरतात. आणि एवढ्यानेही ऐकणाऱ्याचे समाधान झाले नाही तर शेवटचा ठेवणीतला मुद्दा असतोच: जंगलातल्या लोकांना याची सवय असते हो, ते तर वाघाला देव मानतात.

सदिच्छेने बोलणारी ही माणसे आहेत, हे मान्य. पण त्यांचे म्हणणे चूक आहे, आणि ज्या मेंदूविज्ञानाचा हवाला ते देतात त्याच विज्ञानाने चूक आहे.

सुरुवात त्या बदामापासूनच करू. अमिग्डाला एक नसतो, दोन असतात, डाव्या-उजव्या कानशिलांच्या आत खोलवर. धोक्याशी त्यांचा संबंध आहे यात वाद नाही. न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांना आधी आवाज आणि मग विजेचा सौम्य झटका देऊन दाखवले, की आवाजाची वर्दी मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या थरापर्यंत नीट पोचण्याआधीच एका आडवाटेने अमिग्डालात पोचते आणि शरीर थिजते. त्यांचे 1996 चे पुस्तक गाजले आणि 'भीतीचे केंद्र' हा शब्दप्रयोग जगभर झाला. पुढची गोष्ट मात्र प्रबोधनकारांपर्यंत पोचलेली दिसत नाही. खुद्द लेडूंनीच पुढे हा शब्दप्रयोग नाकारला. आपण अभ्यासली ती धोका ओळखून शरीराला सावध करणारी यंत्रणा. 'मला भीती वाटते' ही जाणीव तयार होताना आठवण, समज, भाषा, आजूबाजूची परिस्थिती असे पुष्कळ काही एकत्र येते, असे ते गेली दहा-बारा वर्षे सांगत आहेत.

अमेरिकेतल्या एका बाईची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. शास्त्रीय लेखांत तिचा उल्लेख फक्त 'एस. एम.' असा येतो. एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले. संशोधकांनी तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेले, तर ती विषारी सापालाही हात लावू का म्हणून पुन्हा पुन्हा विचारू लागली. भुताटकीच्या खेळात नेले, तर हसत पुढे चालू लागली. पूर्वी एकदा रात्री बागेजवळ एका माणसाने तिच्या गळ्याला सुरा लावला होता. ती घाबरली नाही. सुटली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने गेली. शांत झालेला अमिग्डाला म्हणतात तो हा. आणि तरीही 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तीच बाई जीव घुसमटून भेदरली. म्हणजे भीतीचा सगळा कारभार त्या बदामात नाही. आणि जेवढा आहे तेवढा माणसाला जिवंत ठेवण्यासाठी आहे.

आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीला येऊ. 10 मे 2025 रोजी त्या तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदूचा हंगाम मे महिन्यातला, जेमतेम काही आठवड्यांचा. 70 पानांचे एक पुडके, अशी पुडकी बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेली की हातात रोख येते. पुढच्या पेरणीचा, शाळेचा, दवाखान्याचा खर्च त्यातून निघतो. पाने कोवळी हवीत म्हणून पहाटे निघायचे, आणि झुडूप बुटके म्हणून वाकून तोडायचे. पहाट ही वाघाच्या फिरण्याची वेळ, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, हे वनाधिकारीही सांगतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची तीही अशीच, भल्या पहाटे, जमिनीकडे बघत. या तिघींच्या गावातल्या एखाद्या बाईने दुसऱ्या दिवशी रानात जायला नकार दिला असेल, तर तिच्या मेंदूत कोणता बिघाड झाला? तिने जे करू नये असे प्रबोधनकार म्हणतात तेच एस. एम.ला करता आले नव्हते.

श्वासाचे व्यायाम, भीतीला हळूहळू सामोरे जाणे, हे उपचार खोटे नाहीत. ते कशावर उभे आहेत हे मात्र पाहिले पाहिजे. पाव्हलॉव्हच्या काळापासून माहीत आहे की घंटा वाजली आणि काहीच घडले नाही, असे पुरेशा वेळा झाले तर घंटेची भीती ओसरते. ओसरते, पुसली जात नाही. जुनी आठवण अमिग्डालात राहतेच. कपाळामागचा मेंदू तिच्यावर नवी नोंद करतो, की इथे, आता, धोका नाही. 'इथे' म्हणजे कुठे हे मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग सांगतो. म्हणून उपचारकाच्या खोलीत गेलेली भीती जुन्या जागी परतताच पुन्हा उभी राहू शकते. आणि प्रयोगशाळेतली आणखी एक जुनी, भक्कम गोष्ट अशी, की झटका दर वेळी न देता अधूनमधून, केव्हा येईल ते न कळता दिला, तर भीती ओसरायला फार जास्त वेळ लागतो.

वाघ नेमका असाच असतो. शंभर पहाटा काही होत नाही आणि एकशेएकाव्या पहाटे होते. देसाईगंज-वडसा भागात पकडलेल्या सीटी-1 या वाघाच्या नावावर तेरा बळी होते. ते गडचिरोली, भंडारा आणि ब्रह्मपुरी अशा तीन बाजूंना पसरलेले, महिन्यांच्या अंतराने झालेले. 13 ऑक्टोबर 2022 ला तो जेरबंद झाला तोवर पुढचा बळी कोणत्या गावात, कोणत्या धुऱ्यावर, हे कुणालाच सांगता येत नव्हते. एक पकडला तरी जंगल रिकामे होत नाही. अशा ठिकाणी 'सामोरे जा, म्हणजे भीती मोडेल' हा सल्ला देणाऱ्याने त्या उपचाराची पहिली अटच वाचलेली नाही. सामोरे जाण्याचा उपचार चालतो कारण समोर खरेच काही नसते.

यावर आकडेवारीवाले म्हणतील, समोर फारसे नसतेच; शक्यता किती कमी आहे ते बघा. बघू. 2011 च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 22 लाख. वाघाचे बळी या 22 लाखांत वाटले की धोका नगण्य दिसणारच, कारण त्या 22 लाखांत कोळसा खाणीचा कारकून आहे, बल्लारपूरचा दुकानदार आहे, शहरातला निवृत्त शिक्षक आहे. भागायचे तर पहाटे रानात जाणाऱ्यांच्या संख्येने, आणि त्यांनी तिथे घालवलेल्या तासांनी भागा. तो हिशेब कुणी मांडताना दिसत नाही. शिवाय शहरालाही फार निश्चिंत राहता येत नाही: फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारले आणि लगेच दुसऱ्या दिवशी जवळच्या वस्तीत बिबट्याने एका मुलाला उचलले. अपघाताशी तुलनाही तितकीच उथळ आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी 1987 मध्येच मांडले आहे की माणूस धोका केवळ मृत्यूंच्या संख्येवर तोलत नाही. तो आपल्या हातात आहे का, आपण होऊन पत्करला का, तो किती भयानक आहे, हे सारे तो बघतो.

पण मला सर्वांत जास्त खटकतो तो दुजाभाव. वन्यजीवशास्त्र हरणाच्या भीतीला केवढा मान देते! अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात 1995 ला लांडगे परत आणल्यावर एल्क हरणांच्या माद्या चरायचे सोडून मान वर करून उभ्या राहू लागल्या. जॉन लाँड्रे आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये त्यावरून 'भीतीचा भूप्रदेश' ही कल्पना मांडली, आणि आज ती वन्यजीव अभ्यासाच्या कोणत्याही वर्गात शिकवतात. कॅनडातल्या लिआना झॅनेट यांनी तर कमालच केली. चिमण्यांची घरटी जाळ्या आणि विजेची कुंपणे लावून पूर्ण सुरक्षित केली आणि आसपास फक्त शिकारी प्राण्यांचे आवाज वाजवले. एकही चिमणी कुणी खाल्ली नाही. तरी त्या हंगामात पिल्ले 40 टक्क्यांनी घटली. 2019 मध्ये याच गटाने रानपाखरांवर दाखवले की शिकाऱ्याचे आवाज ऐकल्यानंतर मेंदूतले बदल आठवडाभर टिकतात, अमिग्डालात आणि हिप्पोकॅम्पसमध्येही. पाखराच्या मेंदूत आघाताची खूण सापडते म्हणून शोधनिबंध निघतो. चितळ घाबरले तर जंगल कसे सावरते ते सांगायला व्याख्याने होतात. आणि सावलीची, नागभीडची, मूलची बाई घाबरली की तिचे प्रबोधन!

तीच बाई काय करते ते पहा. एकटी जात नाही, आठ-दहा जणी मिळून जातात. एक जण तोडायचे सोडून नुसती पाहत उभी राहते. मोठमोठ्याने बोलतात, डबा वाजवतात. पाने कमी निघतात, मजुरी बुडते. यलोस्टोनच्या हरणीने केले तेच. लंडनमध्ये डीन मॉब्ज आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये माणसांना पडद्यावरच्या खेळात शिकाऱ्यापासून पळायला लावून मेंदूची चित्रे घेतली. शिकारी दूर असताना कपाळामागचा, बेत आखणारा मेंदू काम करत होता. तो जवळ येत गेला तसा कारभार मेंदूच्या देठातल्या जुन्या भागाकडे गेला, जिथे फक्त थिजणे, पळणे, झुंजणे असते. म्हणजे दुरून वाटणारी भीती हीच विचार करणारी भीती आहे. मोहर्लीच्या फाटकातून जिप्सीत बसून जाणाऱ्या पर्यटकाला वाघ दिसल्यावर अंगावर रोमांच येतात, कारण त्याच्या मेंदूला पक्के ठाऊक असते की आपण गाडीत आहोत. हा पर्यटक गावकऱ्याला धीट व्हायला सांगतो तेव्हा मला हसू येते, आणि रागही.

सवयीचा आणि देवपणाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. ताडोबाच्या तळ्याकाठी देवस्थान आहे. दंतकथा अशी, की तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचे हे ठाणे. व्याघ्र प्रकल्पाला ज्याचे नाव आहे तो वाघाने मारलेला माणूस आहे! त्याची पूजा ही भीती नसल्याची खूण म्हणायची, की ती पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेण्याची रीत? आणि जंगलात जन्म काढून सवय होत असती तर नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबाच्या गाभा क्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पायी पाहणीत एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला, तेव्हा वनरक्षकांत एवढी खळबळ माजली नसती. प्रशिक्षित, गणवेशातली माणसे होती ती.

गडचिरोलीत तर वाघ हा प्रश्नाचा एक पदर आहे. 1980 पासून नक्षलवाद्यांची दलम आली, पुढे पोलिसांचे सी-60 कमांडो पथक आले, आणि एटापल्ली-भामरागडच्या माणसाने आयुष्य दोघांच्या मध्ये काढले. रात्री कुणी दार ठोठावले तर उघडायचे की नाही. उघडले, भात दिला, तर सकाळी पोलिसांना काय सांगायचे. सांगितले तर 'खबऱ्या' म्हणून नाव कुणाच्या कानावर जाईल. लाहेरीला ऑक्टोबर 2009 मध्ये 17 पोलीस मारले गेले. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याच्या स्फोटात 15 जवान आणि त्यांचा चालक गेला. मेलेल्यांच्या घरी अजून माणसे राहतात. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती आणि त्याच्या 60 साथीदारांनी शस्त्रे ठेवली. ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल मी कमी करत नाही. पण लगेच 'भयमुक्त जिल्हा' म्हणून जे फलक झळकतात त्यांना मेंदूची रीत माहीत नसावी. चार दशकांची नोंद एका समारंभाने फिरत नाही. नवी नोंद व्हायला शांत रात्रीच लागतात, आणि पुष्कळ लागतात. त्यातच 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्ती कुरखेडा-आरमोरीच्या धानात उतरू लागले आहेत.

मानसोपचाराच्या शास्त्राला हे नवे नाही. आघातानंतरच्या मानसिक विकाराला 1980 मध्ये अमेरिकी वर्गीकरणात जागा मिळाली ती व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. युद्ध मागे राहिले, माणूस घरी आला, आणि युद्ध त्याच्या डोक्यात चालू राहिले, असे ते चित्र. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांत काम करताना जिल स्ट्रेकर आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले की समोरचा तरुण उपचाराच्या खोलीतून बाहेर पडून पुन्हा त्याच गल्लीत, त्याच पोलिसांपुढे जाणार आहे. इथे 'नंतर' असे काही नाहीच. त्यांनी 1987 मध्ये अखंड चालू आघाताची कल्पना मांडली. सिंदेवाहीला ती व्हिएतनामच्या चित्रापेक्षा कितीतरी जवळची आहे.

म्हणजे इथे आजारी कुणीच नाही, असे मी म्हणत नाही. आहेत. ज्या बाईला पहाटे रानात भीती वाटते तिचा मेंदू जागा आणि वेळ नीट वाचतो आहे. ज्या बाईला भर दुपारी, ब्रह्मपुरीच्या बाजारात, माणसांच्या गर्दीत मागे पाला वाजल्यासारखा वाटतो, जिला नवऱ्याचे सापडलेले शरीर रोज रात्री नव्याने दिसते, जी लेकराला अंगणातही सोडत नाही आणि स्वतः जेवत नाही, तिला उपचार हवेत. हिप्पोकॅम्पस जागा सांगेनासा झाला की असे होते, आणि बोलण्याच्या उपचाराने, गरज पडली तर औषधाने, ते सुधारूही शकते. सुंदरबनात वाघाने मारलेल्यांच्या विधवांचा अरविंद चौधरी या मनोविकारतज्ज्ञांनी अभ्यास केला. या बायकांना दुःखाच्या जोडीला 'नवरा खाल्लेली' हा कलंकही वाट्याला येतो, असे त्यांना दिसले. लंडनमध्ये काम करणारे मनोविकारतज्ज्ञ सुश्रुत जाधव यांनी 2013 मध्ये मान बरुआ आणि शोनिल भागवत यांच्यासह लिहिले, की माणूस-वन्यप्राणी संघर्षाचे मानसिक मोल कुठल्याच हिशेबात धरले जात नाही.

आपल्याकडचा हिशेब तपासा. वाघाने माणूस मारला तर राज्य सरकार वारसांना 25 लाख देते, काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. कायमच्या अपंगत्वाचे, गंभीर जखमेचे, किरकोळ जखमेचे दर ठरलेले आहेत. शेजारी उभ्या राहून सगळे पाहिलेल्या बाईला त्या यादीत जागा नाही, कारण तिच्या अंगावर ओरखडा नाही. उपचार हवेत तर प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, भामरागडहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून आहे, पण टॉवर असेल तर, आणि माडिया बोलणाऱ्या आजीला समोरच्याचे मराठी कळले तर.

हे वाघाविरुद्ध चालले आहे, असे कुणी म्हणेल. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले, चार वर्षांपूर्वी 312 होते, आणि त्यातला मोठा वाटा चंद्रपूरचा. याचा अभिमान मलाही आहे. पण ब्रह्मपुरी वनविभागाचा बहुतेक भाग अभयारण्यच नाही. तिथे वाघ आणि धानाची बांधी यांच्यात कुंपणही नसते. कृषिपंपाला वीज आळीपाळीने रात्री मिळते, म्हणून शेतकरी रात्री अकराला बॅटरी घेऊन धुऱ्यावर जातो. जनवन योजनेतून गॅस मिळाला, पण दुसरे सिलिंडर परवडत नाही म्हणून सरपण सुटत नाही. संडास बांधलेला आहे, त्यात पाणी नाही. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या खात्याच्या फायलीत आहे, आणि प्रत्येकीचा अमिग्डालाशी संबंध कोणत्याही प्रबोधनापेक्षा जवळचा आहे.

पंचनाम्याच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी: घटना पाहिलेल्यांची आणि घरातल्यांची नावे. महिन्याने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या माणसाने, गावची आशा सोबत घेऊन, गरज असेल तिथे माडिया-गोंडी बोलणारे कुणी घेऊन, त्या घरी जावे, आणि पुन्हा सहा महिन्यांनी जावे. त्या भेटीत श्वासाचा व्यायाम शिकवायला माझी हरकत नाही. आधी सिलिंडर कधी संपले, संडासाला पाणी आहे का आणि या आठवड्यात मोटार किती वाजता सुरू होते, हे विचारून लिहून घ्यावे, आणि तो कागद तहसीलदार, महावितरण आणि वनपरिक्षेत्र अधिकारी या तिघांकडे पाठवावा.